वीस कुटुंबांची चव

रजनीला वीस कुटुंबं हवी होती आणि भोपाळमध्ये तिला एकही माहीत नव्हतं.

एम.एस्सी.च्या जेनेटिक्सचं प्रॅक्टिकल होतं. पीटीसी नावाचं रसायन लावलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या लोकांच्या जिभेवर ठेवायच्या. काहींना ती पट्टी कडूजहर लागते, काहींना नुसता कागद. हा गुण आईबापांकडून येतो. वीस घरांतल्या लहानथोरांना पट्ट्या चाखवायच्या आणि प्रत्येक घराचा वंशवृक्ष काढून आणायचा. वर्गातल्या बाकीच्यांनी आपापल्या गल्लीत दोन दिवसांत काम उरकलं. अशोका गार्डनच्या एका मुलीने तर एकाच लग्नघरात वीस कुटुंबं गाठली.

रजनी जुलैत नागपूरहून आली होती आणि आता नोव्हेंबर लागला होता. राहायला नरहरकाकांकडे, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या पहिल्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये. काका फोरमन. लग्न केलं नव्हतं, आणि बोलण्याची सवयही कधी लागली नव्हती. सकाळी "येतो", संध्याकाळी "जेवलीस?" आणि रविवारी पेपर वाचून झाला की "घे." वर्गात सत्त्याऐंशी मुलं होती. हजेरीत रजनी 'एकसष्ट' होती. मध्ये ती दोन दिवस तापाने घरी पडून होती, तेव्हाही एकसष्टची हजेरी लागलेली निघाली.

रविवारी सकाळी तिने आरशासमोर दोनदा बोलून पाहिलं आणि खालच्या ठोसरांची बेल वाजवली. दार मनोरमाबाईंनी उघडलं.

"काकू, मी वरती राहते. नरहरकाकांची पुतणी. एक कागद जिभेवर ठेवून सांगायचं, कडू लागतो का."

'कडू' हा शब्द तिने उच्चारायला नको होता. सरांनी बजावलं होतं, नुसतं विचारायचं, 'चव लागते का?' पण चार महिन्यांत इतकं मोठं वाक्य ती कुणाशी बोललीच नव्हती. बोलता बोलता ते तोंडातून गेलं.

मनोरमाबाईंनी पट्टी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "कडू आहे. कारल्यासारखं. अहो, इकडे या."

विलासरावांनी पट्टी चघळली. "काही नाही लागत."

"तुम्हाला कशाला लागेल? बावीस वर्षं माझ्या हातचं खाताय, कधी मीठ कमी म्हणालात की जास्त?"

"मी वाद नको म्हणून बोलत नव्हतो," विलासराव म्हणाले. त्यावरून जो वाद झाला तो पुढे पाऊण तास चालला. रजनी त्या वेळात दोन कप चहा प्यायली आणि तिला मनातून फार बरं वाटलं.

"तू एकटी कुठे फिरणार?" वाद संपल्यावर मनोरमाबाई म्हणाल्या. "चल, मी येते. इथे माझ्या ओळखीशिवाय कोणी दार उघडत नाही."

आणि त्या खरंच आल्या. प्रत्येक दारात रजनीच्या आधी त्याच बोलायच्या. "कडू आहे हं. घाबरू नका. कारल्यासारखं लागतं." हे शास्त्रात बसत नाही हे रजनीला कळत होतं. पण मनोरमाबाई जिना चढताना तिच्या खांद्यावर हात ठेवत होत्या, कोण कुठलं, कुणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली ते सांगत होत्या. त्यांना गप्प बसा म्हणायचं तिच्या जिवावर आलं. घरोघर लोक पट्टी चाखून तोंडं वाकडी करत होते. दुपारपर्यंत एकोणीस घरं झाली.

विसावं घर विश्वास आणि शारदा मोघ्यांचं. विश्वास कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांनी पट्टी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, मग चाखली. "चव नाही."

"नीट बघा," मनोरमाबाई म्हणाल्या.

"नाही ते नाही."

"मलाही नाही लागत," शारदा म्हणाली.

नऊ वर्षांच्या कमलने मात्र पट्टी लावताच तोंड फिरवलं. "छी! बहुत कडवा है."

रजनीने वहीत बापाचा चौकोन काढला, आईचा गोल काढला, खाली मुलीचा छोटा गोल काढला आणि तिची पेन्सिल थांबली. "असं व्हायला नको," ती स्वतःशीच पुटपुटली.

"कसं?" विश्वासनी विचारलं. तपासणी विभागाचा माणूस तो.

"म्हणजे… पुस्तकात असं आहे, की आईवडील दोघांनाही कडू लागत नसेल, तर मुलालाही लागत नाही."

कोपऱ्यातल्या दिवाणावर विश्वासच्या आई, रत्नप्रभाबाई, वाती वळत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. "मग ही कुणावर गेली?"

मनोरमाबाईंनी पदर सावरला. शारदा उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. रजनीने वही मिटली. आपण काय केलं हे तिला जिन्यात आल्यावर पुरतं कळलं.

संध्याकाळपर्यंत ते इमारतीच्या तिन्ही जिन्यांना कळलं. नळावर, दुधाच्या बूथवर, देवळाच्या पायरीवर. सहाला विश्वास वर आले. काकांनी दार उघडलं.

"तुमच्या पुतणीने माझ्या घरात काय लावून दिलंय, माहीत आहे? बायको माहेरी निघालीय. आई जेवली नाही."

काका म्हणाले, "ती लहान आहे. पुस्तक चुकलं असेल. नाहीतर कागद." त्यांनी एका दमात इतकं बोललेलं रजनीने पहिल्यांदाच ऐकलं. विश्वास गेल्यावर तेही पायात चपला घालून बाहेर निघून गेले, आणि ती एकटी उरली. तिने नागपूरला पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय आई' लिहिलं. पुढे काय लिहावं ते सुचेना.

सोमवारी ती पहिल्या बसने विद्यापीठात गेली आणि सक्सेना सरांच्या खोलीबाहेर उभी राहिली.

"रोल नंबर?"

"एकसष्ट, सर." मग तिने सगळं सांगितलं. अगदी कारल्यासकट.

सरांनी तिच्या पाकिटातली एक पट्टी काढून स्वतःच्या जिभेवर ठेवली. जरा थांबले. "मुझे तो बहुत कड़वा लगता है हमेशा. ये तो सादा काग़ज़ है. लिफ़ाफ़ा दिखाओ."

पाकिटाच्या मागे पेन्सिलने लहानसं 'सादा' लिहिलेलं होतं. पट्ट्या वाटल्या त्या दिवशी टेबलावर दोन ढीग होते, तुलनेसाठी कोऱ्या पट्ट्यांचा आणि रसायनाच्या पट्ट्यांचा. प्रत्येक ढिगातलं एकेक पाकीट घ्यायचं होतं. गर्दीत सगळे आपापल्या मैत्रिणींसाठी हात घालत होते. रजनीच्या हाताला एकच लागलं होतं.

"कितनों ने कहा कड़वा है?"

"त्रेपन्न, सर. तिरपन."

सर हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, दुसरं पाकीट तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सबके घर फिर से जाओ. और सच बताना. नाम क्या है तुम्हारा?"

तिने नाव सांगितलं.

ती सरळ मोघ्यांकडेच गेली. दारातली सुटकेस तिने पाहिली आणि आत न जाता उंबऱ्यातूनच बोलली. "वहिनी, चूक माझी आहे. ते कागद कोरे होते. कोणालाच काही लागणार नव्हतं. कमलला काकूंचं ऐकून वाटलं. दादा आणि तुम्ही खरंच बोललात."

शारदाने पट्टीसाठी हात पुढे केला. तिला खऱ्या पट्टीची चव लागली नाही. कमलने पट्टी लावली आणि ती रडत मोरीकडे धावली. जेवायला आलेल्या विश्वासनी पट्टी उजेडात धरली, चाखली आणि तेही मोरीकडेच धावले. बापलेक शेजारी शेजारी थुंकत उभे होते. रत्नप्रभाबाईंनी वाती बाजूला ठेवल्या. "बाई, अगदी बापावर गेलीय," त्या म्हणाल्या, जणू वेगळं काही कधी म्हणाल्याच नव्हत्या. शारदाने सुटकेस उचलून आत नेली. ती रिकामी नव्हती, दोन्ही हातांनी धरावी लागली.

पुढचे चार दिवस रजनी दारोदार चूक सांगत फिरली. लोक तेवढे रागावले नाहीत. फक्त मनोरमाबाईंना खरी पट्टी अजिबात लागली नाही. "हा कागद कोरा आहे," त्या ठामपणे म्हणाल्या. "मागचाच खरा होता." विलासरावांचं तोंड मात्र कडू झालं होतं आणि ते कितीतरी वर्षांनी इतके खुशीत दिसत होते.

प्रॅक्टिकल जमा झालं. त्यानंतरचा रविवार नेहमीसारखा आला. काका पेपर देऊन बाजारात गेले. आता कुठल्या दारात जायला काही कारण उरलं नव्हतं. रजनी खिडकीशी बसून समोरच्या क्वार्टरांमधले सुकत घातलेले कपडे पाहत होती, तेवढ्यात बेल वाजली. रत्नप्रभाबाई कमलचा हात धरून जिना चढून आल्या होत्या. त्यांना दम लागला होता.

"त्यातले दोन-चार कागद दे," त्या हळूच म्हणाल्या. "माझा धाकटा नेहरू नगरला असतो. त्याच्याकडे जाणारेय आज."

रजनीला मोघ्यांच्या दारातली सुटकेस आठवली. टेबलाच्या खणात अकरा पट्ट्या होत्या. "संपले, आजी."

"सगळे?"

"सगळे."

रत्नप्रभाबाईंनी तिच्याकडे जरा पाहिलं. मग पदराने वारा घेत त्या काकांच्या खुर्चीत बसल्या. "आता एवढा जिना चढलेय, तर चहा तरी टाक. नेहरू नगर काही पळून जात नाही."

घरात कप दोनच होते. एक आजींना दिला, एक कमलला. रजनीने आपला चहा स्टीलच्या वाटीत ओतला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. आजींनी धाकट्या सुनेची तक्रार सुरू केली, ती बरीच लांब होती. रजनीने मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.