दोनशे बारा पोचे आणि एक

“नजर ससाण्याची. नाक शिकारी कुत्र्याचं. आणि कान असे, की दोन मैलांवर कुणी खोटं बोललं तर इथे मला खाज सुटते. अशा माणसाशी बोलताय तुम्ही,” व्हर्लिन स्टबलफील्ड म्हणाला.

“मला डझनभर गांडुळं हवी होती,” गिऱ्हाईक म्हणालं.

गांडुळं ट्वायलाने दिली. मासेमारीच्या सामानाचं हे दुकान तिच्या नवऱ्याचं आणि व्हर्लिन तिचा धाकटा दीर. गांडुळांचा फ्रीज आणि गळाच्या काठ्या यांच्या मधोमध टेबल टाकून त्याने ‘स्टबलफील्ड गुप्त तपास’ ही कचेरी थाटली होती, भाडं न देता. ट्वायला त्याची सहायक होती, पगार न घेता. दोन्ही गोष्टी ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

टेबलामागे एकच फ्रेम लटकत होती. वरच्या अर्ध्या भागात व्हर्लिनचा रंगीत फोटो. पांढरी हॅट, वर केलेला हात, छातीवर ‘मानकरी’ लिहिलेला पट्टा. गेल्या चार जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, गावच्या मिरवणुकीचा मान त्याला मिळाला होता, कारण नगराध्यक्षांचा हरवलेला कुत्रा त्याने शोधला होता. कुत्रा ओट्याखाली झोपला होता आणि वाकून बघितलं होतं ट्वायलाने, पण ते असो. फोटोच्या खालच्या अर्ध्या भागावर, त्याच काचेत, टपालाने मागवलेला गुप्तहेरगिरीचा डिप्लोमा खोचलेला होता. दोन फ्रेमचे पैसे कोण घालणार!

त्या मंगळवारी बाहेर फटफट आवाज झाला. मार्व्हेला हचिन्स गवत कापायच्या यंत्रावर बसून गावात आली होती. साडेचार मैल! केसांत गवत, डोळ्यांत पाणी.

“व्हर्लिन, मला चोर ठरवलंय रे.”

“कुणी? नाव सांग. उंची सांग.”

“विमा कंपनीने.”

“उंची?”

“अरे, कंपनीला कसली उंची! ट्वायला, तूच ऐक गं बाई. हा शाळेतपण असाच होता.”

ट्वायलाने स्टूल पुढे सरकवलं.

मार्व्हेलाचं दुखणं असं होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गारा पडल्या, अंड्याएवढ्या. तिच्या ब्युइक गाडीची पार चाळण झाली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातोय म्हणून विमा कंपनीने गाडी टोटल ठरवली, म्हणजे निकालात काढली. मार्व्हेलाने भंगाराची किंमत कापून उरलेले पैसे घेतले आणि गाडी स्वतःकडेच ठेवली. मग अख्खा उन्हाळा अंगणात घालवला. केस वाळवायच्या मशीनने पत्रा तापवायचा आणि संडास तुंबल्यावर मारतात त्या रबरी पंपाने पोचा बाहेर ओढायचा. फट्ट! पुढचा पोचा. फट्ट! शेवटी गाडी आरशासारखी झाली. सरकारने तपासून रस्त्यावर आणायचा कागद दिला, विमाही पुन्हा उतरवला. आणि या एप्रिलमध्ये पुन्हा गारा. पुढची काच फुटली, छप्पर फणसासारखं झालं.

“आणि कंपनीचा माणूस म्हणतो, हे तर जुनेच पोचे! एका पोच्याचे पैसे दोनदा मिळत नाहीत, म्हणाला. शुक्रवारपर्यंत पुरावा दे, नाहीतर फाईल बंद आणि विमाही बंद. अगं, माझी नऊ म्हातारी माणसं आहेत शेताशेतांवर. त्यांना आंघोळ कोण घालणार, गोळ्या कोण देणार? गवताच्या यंत्रावर बसून मी कुठे कुठे पुरणार?”

“पावत्या?” ट्वायलाने विचारलं.

“बॉनेट शेजाऱ्याकडून घेतलं, पीचच्या जॅमच्या चौदा बरण्या देऊन. रंग मावसभावाने मारला, त्याला सहा बरण्या. जॅमची पावती कोण देतं गं?”

“सरकारी कागद?”

“त्यात दिवे, ब्रेक आणि चोरीचे भाग नाहीत, एवढंच. पोच्यांचा रकानाच नाही.”

“फोटो?”

“माझा फोन मिस्टर ॲबॉटच्या टबात बुडाला, त्यांना आंघोळ घालताना. पण मिरवणुकीत सगळ्यांनी बघितली की गाडी! अगं, तुझ्या या दिराला माझ्याच गाडीने नेलं.”

ट्वायला त्या दिवशी दुकानातच अडकली होती. तिने व्हर्लिनकडे बघितलं.

“असेल,” व्हर्लिन म्हणाला. “थोर माणूस गर्दीकडे बघतो. बुडाखाली काय आहे हे बघत बसत नाही.”

“गावाला विचारून झालं,” मार्व्हेला म्हणाली. “सगळ्यांनी आपापल्या पोरांचेच फोटो काढलेत. आणि नुसत्या तोंडी साक्षीला कंपनी विचारत नाही.”

व्हर्लिन उठला, हॅट घातली. “वहिनी, टेप घ्या. गोष्ट दिसते तेवढी साधी नाही.”

“मला तर साधीच दिसतेय, भावजी.”

“म्हणून तर तुम्ही सहायक आहात.”

बुधवारी सकाळी ते मार्व्हेलाच्या अंगणात पोचले. विम्याचा माणूस आधीच आला होता. नाव कॅल्हून. तरुण, सभ्य, आणि गारांच्या हंगामात झोप न मिळालेला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक फळा तो गाडीजवळ धरून पत्र्यात बघत होता.

“हे काय करता?” ट्वायलाने विचारलं.

“पट्ट्यांचं प्रतिबिंब बघतो, बाई. पत्रा सपाट असेल तर पट्टे सरळ दिसतात. पोचा असेल तिथे वाकतात. नुसत्या डोळ्यांना फसवता येतं, पट्ट्यांना नाही.”

ट्वायलाने थोडा वेळ फळा धरून दिला आणि स्वतःही बघितलं. छपरावर पट्टे गांडुळांसारखे वळवळत होते.

इकडे व्हर्लिनने वेगळीच पद्धत काढली होती. जुन्या अहवालात एकशे सत्त्याऐंशी पोचे होते. आजचा आकडा वेगळा निघाला, की आजचे पोचे नवे! त्याने दुकानातून मक्याच्या दाण्यांचा डबा आणला होता. एका पोच्यात एक दाणा ठेवायचा, मग उरलेले दाणे मोजायचे. एकोणसाठपर्यंत आला आणि मार्व्हेलाच्या कोंबड्या गाडीवर चढल्या. पाच मिनिटांत पुरावा कोंबड्यांच्या पोटात.

“साक्षीदार फोडले,” व्हर्लिन कॅल्हूनकडे रोखून बघत पुटपुटला.

“कोंबड्या आहेत, भावजी.”

“कोंबड्या कुणाच्या इशाऱ्यावर नाचतात, हा खरा प्रश्न आहे.”

मग तो बॉनेटपाशी थबकला. गारांच्या छोट्या छोट्या पोच्यांमध्ये एक भलामोठा उथळ पोचा होता. परातीएवढा. व्हर्लिनने गुडघे टेकले, टेप लावला, वास घेतला.

“हा गारेचा नाही. हा माणसाचा!”

“अरे व्हर्लिन, तो ना—” मार्व्हेलाने तोंड उघडलं.

“साक्षीदाराने मधे बोलायचं नाही! ऐका. इथे कुणीतरी बसलं होतं. पुरुष. वजन एकशे दहा किलोच्या खाली नाही. बसण्यात माज आहे, गाडी बापाची असल्यासारखा. डावीकडे कललेला, कारण उजव्या मागच्या खिशात काहीतरी गोल आणि कडक आहे. हा बघा ठसा. आळशी माणूस, वहिनी. खादाड. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा.”

ट्वायलाने त्याच्या उजव्या मागच्या खिशाकडे बघितलं. खिशातून भिंगाची दांडी बाहेर डोकावत होती. तिने मार्व्हेलाकडे बघितलं. मार्व्हेला कोंबड्या हाकलायला गेली, तिचे खांदे हलत होते. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली असेल बिचारी.

“वर्णन लिहून घ्या,” व्हर्लिन म्हणाला.

“शब्दन् शब्द घेतलाय, भावजी.”

गुरुवारी नवा सिद्धांत निघाला. ब्युइक एक नाहीच, दोन आहेत! गुळगुळीत ब्युइक कुणीतरी लपवली आणि तिच्या जागी पोच्यांची आणून ठेवली. व्हर्लिन तीन कोठारं धुंडाळून आला. पहिल्यात गवत होतं, दुसऱ्यातही गवतच. तिसऱ्यात मेंढा होता. दुकानात परत आल्यावर तो उभ्यानेच जेवला.

“बसा की,” ट्वायला म्हणाली.

“विचार उभ्याने चांगला होतो.”

तेव्हा मात्र ट्वायलाचं डोकं सटकलं. तशी ती तापायला वेळ लावणारी बाई नव्हतीच. “विचार? कसला विचार! तिकडे त्या बाईची म्हातारी माणसं दोन दिवस बिनआंघोळीची बसलीत. ती रात्री जेवत नाहीये. आणि तुम्ही मेंढ्याच्या मागे लागलाय!”

“मेंढा माझ्या मागे लागला होता,” व्हर्लिन हळूच म्हणाला.

शुक्रवारी दुपारी कॅल्हून दुकानात आला. मार्व्हेलाने सहीसाठी इथेच बोलावलं होतं, एकटीने तो कागद बघायची तिची छाती होत नव्हती. त्याने फाईल टेबलावर ठेवली.

“मला वाईट वाटतं, मिसेस हचिन्स. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण गाडी एकदा टोटल झालेली. मध्ये दुरुस्त केलीत याचा एक तरी कागद हवा, एक तरी फोटो. तो नसेल तर माझे हात बांधलेले आहेत.”

मार्व्हेलाने कागद पुढे ओढला. पेनचं टोपण काढायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

“थांबा!” व्हर्लिन गरजला. “मिस्टर कॅल्हून, तुमचा खेळ मी ओळखलाय. ज्या लठ्ठ, आळशी, खादाड माणसाला तुम्ही बॉनेटवर बसवलंत, त्याचं नाव सांगा!”

कॅल्हूनने डोळे चोळले. “आपण कोण? तपास करायचा काही परवाना आहे का आपल्याकडे?”

इतकी वर्षं व्हर्लिन याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने फ्रेम भिंतीवरून उतरवली, मागच्या खिट्ट्या वळवल्या, डिप्लोमा सर्रकन ओढला आणि कॅल्हूनच्या नाकासमोर धरला.

“वाचा!”

कॅल्हून वाचायला लागला. ट्वायला मात्र डिप्लोमाकडे बघत नव्हती. फ्रेमच्या उरलेल्या अर्ध्या भागात, जिथे इतके दिवस डिप्लोमा होता, तिथे फोटोतला व्हर्लिन कमरेखाली पूर्ण झाला होता. आणि तो बसला होता एका चंदेरी बॉनेटवर, पाय पसरून. बॉनेटच्या मागे काच, काचेमागे स्टिअरिंग धरून हसणारी मार्व्हेला. वर दोरीला गावाच्या नावाचा फलक: टर्की फोर्क, चार जुलै, खाली साल.

ट्वायलाने व्हर्लिनच्या खिशातून भिंग खेचलं. दिवसभरात पहिल्यांदाच ते कामाला आलं.

“कॅल्हून साहेब, ते राहू द्या. इकडे या. हे दार बघा आणि हे छप्पर. रस्त्यावरच्या झेंड्यांचं प्रतिबिंब पडलंय त्यात.”

“हो, झेंडे आहेत.”

“झेंड्याला पट्टे असतात ना? सरळ आहेत का वाकडे?”

कॅल्हून भिंग लावून वाकला. दारावरून पुढे गेला, छपरावर थांबला, परत दारावर आला.

“सरळ,” तो म्हणाला. “सगळे सरळ. बाई, असं काम तर आमचे गॅरेजवालेही करत नाहीत. कशाने केलंत?”

“संडासाच्या पंपाने,” मार्व्हेला म्हणाली आणि मोठ्याने रडायला लागली.

कॅल्हूनने फाईल उलटी केली आणि नव्याने लिहायला घेतलं. एकदा टोटल झालेली गाडी म्हणून तिची किंमत कमी धरावी लागेल, हे त्याने स्पष्ट सांगितलं. त्या हिशेबाने गाडी पुन्हा टोटल. भंगाराची किंमत कापून ठेवणार का?

“ठेवणार म्हणजे काय!” मार्व्हेला नाक पुसत म्हणाली. “काच घेऊन वर सहा महिन्यांचं पेट्रोल निघेल. पंप आहेच घरी.”

“दोनशे बारा पोचे मंजूर,” कॅल्हून लिहिता लिहिता म्हणाला. मग पेन थांबलं. “बॉनेटवरचा एक नामंजूर. तो गारेचा नाही.”

“हेच तर मी बुधवारपासून सांगतोय!” व्हर्लिन टेबलावर मूठ आपटत म्हणाला. “तो गुन्हेगार सापडायलाच हवा!”

ट्वायलाने वही उघडून शांतपणे वाचलं, “पुरुष. वजन एकशे दहाच्या खाली नाही. बसण्यात माज. उजव्या मागच्या खिशात गोल, कडक वस्तू. आळशी, खादाड, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा.” मग फोटो त्याच्यापुढे धरला, वर भिंग ठेवलं.

व्हर्लिन भिंगावर वाकला. कानांच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग नाक.

“म्हणजे,” तो घसा साफ करत म्हणाला, “माझं वर्णन तंतोतंत बरोबर होतं.”

“अगदी तंतोतंत, भावजी. खादाडपर्यंत.”

रविवारी चर्चहून येताना लोक मार्व्हेलाच्या कुंपणापाशी थांबत होते. व्हर्लिन ब्युइकच्या बॉनेटपुढे गुडघ्यांवर बसला होता, हातात रबरी पंप, बाही वर केलेली. मार्व्हेला मशीनने पत्रा तापवत होती आणि कोंबड्या देखरेख करत होत्या. सतराव्या खेपेला फट्ट असा आवाज झाला आणि परातीएवढा पोचा नाहीसा झाला. ट्वायलाने फोटो काढला, तारखेसकट.

सोमवारी फ्रेम पुन्हा भिंतीवर लागली. आता गाडी चाकांसकट पूर्ण दिसते, चंदेरी, सरळ पट्ट्यांची. डिप्लोमा आहेच, ट्वायलाने तो काढला नाही. फक्त वरच्या अर्ध्या भागात खोचला.