कांबळेकाका आणि आमच्या पाठी

शिरगावच्या आमच्या बिल्डिंगमधले कांबळेकाका तोंडाकडे बघून बोलत नाहीत. "जय भीम" म्हणतात, आपण पुढे जाईपर्यंत थांबतात आणि मग पाठीला सांगतात, "चौथा-पाचवा मणका. जपा."

उल्हासनगर कॅम्प पाचच्या एका लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. तिथला सिंधी दुकानदार म्हणे त्यांना पाहून भिंतीला पाठ टेकवायचा, "साईं, कमर मत देखो, धंदे का टाइम है."

आम्हीही हसायचो. मग तळमजल्यावरच्या पाटलांची गादी सरकली, नेमकी काकांनी सांगितलेल्या मणक्यातली. आता काका जिन्यात दिसले की अख्खी बिल्डिंग खेकड्यासारखी आडवी चढते. मीसुद्धा. त्यांची नजर पाठीला लागली की गार बोट टेकल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू.

"माझं काही नाही हो त्यात," काका म्हणतात. "रक्तात एक घटक असतो. जीन्समुळेच ज्यांच्यात तो जास्त, त्यांच्या मणक्यांतल्या गाद्या लवकर झिजतात, असा पुरावा मिळालाय." मग आमचं रक्त न काढताच यांना कसं कळतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काका पाठ बघायचे नाहीत ती फक्त प्रज्ञाची, त्यांच्या एकुलत्या एक मुलीची. दोन महिने तिची कंबर दुखत होती आणि काका मुद्दाम तिच्या पुढे चालायचे. शेवटी त्यांनीच तिचं रक्त काढून जुन्या लॅबमध्ये दिलं.

रिपोर्टचं पाकीट घेऊन ते माझ्याकडे आले. "ताई, तुम्ही वाचा. मला बघवणार नाही."

मी उघडलं. नाव यशवंत कांबळे, वय बासष्ट, पुरुष.

"काका, हा तुमचा आलाय. लॅबवाल्यांनी घोळ घातला."

"घोळ नाही. रक्त तिचंच आहे. नळीवर नाव मी माझं लिहिलं."

तीस वर्षांत एकाही नळीवर चुकीचं नाव न लिहिलेला माणूस हे सांगत होता.

"का पण?"

"वाईट निघालं तर माझ्या नावावर निघू दे, म्हटलं. आकडा किती?"

आकडा जास्त होता. सांगताना मला रडू आलं. काकांनी कागद घेतला, आपलं नाव दोनदा वाचलं. "माझाच आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कमरेवर हात ठेवून, पार वाकून जिना उतरत होते. मागून प्रज्ञा आली. मी तिला कमरेचं विचारलं.

"काय माहीत ताई, कालपासून दुखतच नाहीये."