मोरपिसाची खूण

मॅट्रिक पास झालेल्या ग्यानोबाला हैदराबादच्या कॉलेजने उन्हाळ्यात वाचायला एक पुस्तक धाडलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या आईच्या, गुणाबाईच्या, जिवाला थारा राहिला नाही. पुस्तक उर्दूतलं, जगाच्या इतिहासाचं आणि विटेएवढं जाड. ते वाचून जायचं, प्रोफेसरसाहेब समोर उभं करून विचारणार, आणि ज्याला सांगता येईल त्यालाच बोर्डिंगात जागा. नाही सांगता आलं तर अर्धापूरला परत येऊन मोट धरायची, असं किशनरावांनी जेवताजेवता लेकाला सांगून टाकलं होतं.

गुणाबाईला अक्षराची ओळख नव्हती. पण पोथी ऐकण्यात तिचे कैक चातुर्मास गेले होते, तेव्हा वाचन कुठवर आलं हे बघायला अक्षर कशाला लागतं? तिने देव्हाऱ्यातलं मोरपीस खुणेसाठी लेकाला दिलं. पहिल्या संध्याकाळी ग्यानोबा नदीवर गेल्यावर तिने पुस्तक पोथीसारखं पाटावर ठेवलं आणि उघडलं. पीस पार तळाशी होतं. वरची सगळी पानं उलटून झालेली. पोराने एका दिवसात वीट संपवत आणली होती. गुणाबाईने त्याच पावली आळीत गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी पीस थोडं वर आलं, तिसऱ्या दिवशी आणखी वर. आठवड्याभरात ते चांगलं बोटभर चढलं. पोर पुढं जायचं सोडून मागं येत होतं. त्यात शेजारची केवळाबाई ताक मागायला आली, आणि तिची नजर नेमकी पुस्तकावर गेली.

"गूळ तर कवाच खाल्ला आमी," ती म्हणाली. "मग पीस वरी कसं सरकून राहिलंय?"

दुसऱ्यांदा वाचतोय, असं गुणाबाईने ठोकून दिलं. पण खरं काय ते तिने ताडलं होतं. पोराला वाचलेलं राहत नव्हतं, दुसरं काय. तिने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, ब्राह्मीचं तेल टाळूवर जिरवलं. तेलाने ग्यानोबाला दुपारची झोप तेवढी छान लागू लागली. पीस वर चढायचं थांबलं नाही. शेवटी तिने त्यालाच विचारलं, जमून राहिलंय का रं.

"जड हाय माय," ग्यानोबा म्हणाला. "एक ओळ ध्यानात धरावी तर मागची निसटती."

झालं, रोग पक्का कळला. त्या दुपारी ग्यानोबा घोरत असताना गुणाबाईने देवाला हात जोडले, पीस उपसलं आणि पहिल्या संध्याकाळी होतं तिथे, तळाशी, नेऊन खोचलं. पोराचं गेलेलं ती पोराला परत देत होती, यात पाप कसलं? ग्यानोबा उठला, डोळे चोळत पिसापासून वाचू लागला. ती चुलीआडून श्वास रोखून बघत होती. त्याला काही कळलं नाही. पुस्तकच तसं होतं, कुठूनही वाचलं तरी सारखंच अवघड.

मग तिने हा नेमच धरला. पीस वर चढलं की खाली. आणि गुण आलाच. पंधरवड्याने ग्यानोबा खुशीत सांगू लागला, "माय, मला उर्दू यायला लागली. पान उलटायच्या आधीच पुढचं कळतंय. फकस्त पुस्तक काही सरंना गेलंय." जायच्या सुमाराला तर तो लिंबाखाली येरझाऱ्या घालत घडाघडा म्हणत असे.

बाप-लेक हैदराबादला गेले आणि गुणाबाईने तीन दिवस धड अन्न खाल्लं नाही. चौथ्या दिवशी दोघे परत आले. तिला वाटलं, संपलं, आता मोट. पण ते गादी न्यायला आले होते. बोर्डिंगात जागा मिळाली होती, किशनराव फुलून सांगत होते. बाकीच्या पोरांनी अख्खं पुस्तक वाचलं म्हणून छातीठोक सांगितलं, आणि विचारल्यावर एका राजाचं लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर दिलं. आपला ग्यानोबा म्हणाला, साहेब, पुस्तक संपलं नाही. आणि सुरुवातीची तीस पानं डोळे मिटून, न अडखळता म्हणून दाखवली. इतकं जिरवून वाचणारा पोरगा पहिल्यांदाच बघितला, असं म्हणून साहेबांनी दिवाळीसाठी याहून जाड पुस्तक दिलं होतं.

गुणाबाईने ते नवं पुस्तक कौतुकाने पाटावर ठेवलं.

"उलटं ठिवलंस," किशनराव म्हणाले. "उर्दूचं पुस्तक ह्या अंगानं सुरू होतंय."

गुणाबाई पुस्तकाकडे बघत राहिली. सगळा उन्हाळा तिच्या डोळ्यांपुढून सरकला. पोराला ती रोज पुस्तकाच्या दाराशी आणून उभं करत होती.

"माय, ते मोरपीस दे," ग्यानोबा म्हणाला. "लई गुणाचं हाय."

तिने दिलं. गादी भरून होईपर्यंत दोन दिवस तो घरीच वाचत होता. दुसऱ्या दुपारी त्याचा डोळा लागला तशी गुणाबाई उठली. पुस्तक तिने या खेपेला सुलटं धरलं, पीस उपसलं, आणि पहिल्या पानावर नेऊन ठेवलं.