साच्याची दुसरी फळी

फाल्गुन लागला की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, एक पाटी लागते : 'साखर उकळत आहे. दार आपटू नये.' राजारामपुरीत नव्याने आलेले भाडेकरू ती वाचून दचकतात. आम्ही जुने लोक मुकाट्याने पाऊल हलकं टाकून वर चढतो. पाटीवाल्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं.

पाटी आमच्या शेजारच्या दिनकरतात्यांची. तात्या वजन-मापे खात्यात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण स्वभावातलं खातं अजून चालू आहे. मंडईतली भाजीवाली त्यांना लांबून बघूनच तराजू पुसायला घेते. घरी आलेल्या माणसाच्या चहात ते साखर तोलून घालतात, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणतात. मी एकदा खरं-खोटं करून घ्यायला विचारलं, तर म्हणाले, "तोलून न्हाय हो मास्तर, चमच्यानंच. पर चमचा तोललेला हाय."

तर असा हा माणूस पाडव्याच्या साखरेच्या गाठी घरी करतो. बाजारात गाठींचे ढीग पडलेले असतात, पण तात्यांना त्या चालत नाहीत. "एक पदक मोठं, एक बारकं. त्येला काय माळ म्हणायचं?" मग साखर, पाणी, मळी निघायला दुधाचा हबका, वर चार थेंब लिंबू. पाक होईपर्यंत स्वयंपाकघरात कुणी बोलायचं नाही. "साखरेला समजतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका वर्षी मी पाहायला गेलो आणि शिंकलो. नेमका त्याच दिवशी पाक दाणेदार झाला. पुढे अक्षय तृतीयेपर्यंत तात्या मला "काय, सर्दी बरी हाय काय?" असं विचारत होते.

एवढ्या काटेकोर माणसाच्या गाठी मात्र मागून सपाट असायच्या. पुढून फुगीर, नक्षीदार, मागून पाटासारख्या. मी हे बोलून दाखवलं तेव्हा तात्या म्हणाले, "गाठी पुढनंच बघायची असत्या," आणि विषय बदलला. खरं कारण काकींनी सांगितलं.

साचा तात्यांच्या वडिलांच्या वेळचा, सागवानी. दोन फळ्या समोरासमोर ठेवायच्या, मधे दोरा, बाहेरून सुतळीने आवळायचं आणि वरच्या भोकातून पाक ओतायचा. गावाकडचं, गारगोटीचं घर वाटलं गेलं तेव्हा वाटणी अर्थातच तात्यांनी केली. कढया, पातेली, उलथनी, सगळं बरोब्बर निम्मं. साच्याची पाळी आली. वस्तू दोन, वाटेकरी दोन. तात्यांनी एक फळी आपल्याकडे घेतली आणि एक धाकट्या भावाला, बाळासाहेबांना दिली.

"आणि कुणी काही बोललं नाही?" मी विचारलं.

"कोण बोलणार? दोघं बी न्यायाचं पुतळं," काकी म्हणाल्या. "भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. ह्येंचं भांडणच न्हाय. त्यो मागंल म्हणून ह्ये बसल्यात, ह्ये मागतील म्हणून त्यो बसलाय. अकरा वर्सं झाली, जाणं न्हाय, येणं न्हाय."

नवा साचा कुणीही करून दिला असता. तात्यांनी तो कधी करून घेतला नाही. अकरा वर्षं ते एका फळीवर पाक ओतत राहिले.

यंदा मात्र पंचाईत झाली. तात्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मुलगी झाली. नातीचा पहिला पाडवा, गाठी आजोळची. तात्या पाळण्याजवळ उभे राहायचे आणि हातातली फळी उलटसुलट करायचे. पहिल्या नातीच्या गळ्यात निम्मी गाठी घालायची, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. भावाकडे मागायचं, हे तर त्याहून पटत नव्हतं.

त्याच आठवड्यात मला परीक्षेच्या कामाला गारगोटीला जायचं होतं. तात्या जिन्यात गाठ पडले.

"गारगोटीला चाललाय व्हय?"

"हो."

"बाजारपेठेतनं जाणार असाल."

"जाईन की."

"तितं एक खत-बियाणांचं दुकान हाय." मग बराच वेळ ते कठड्यावरची धूळ पुसत राहिले. "एक फळी असंल त्येच्याकडं. दिसली तर बघा."

मी दुकान शोधलं. बाळासाहेब म्हणजे तात्याच, फक्त केस काळे. मी कोण, कुठून आलो, ते सांगितलं आणि फळीचा विषय काढला.

"दादानं मागितली?"

"तसं म्हणाले नाहीत."

"मग काय म्हणाला?"

"दिसली तर बघा, म्हणाले."

बाळासाहेबांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. "मंजे मागितलीच की!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की गिऱ्हाईक मागे सरकलं. फळी मात्र त्यांनी माझ्याकडे दिली नाही. "तुमच्या गाडीवरनं पडली बिडली तर? म्या सोता घिऊन येतो."

हा निरोप ऐकून तात्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाला असेलही, पण बाहेर आली ती काळजीच. "येऊ दे. पर उपेग न्हाय. साच्याचं लाकूड वर्साला भिजवाय लागतंय, मास्तर. माझी फळी दर वर्साला भिजत्या. त्येची अकरा वर्सं कोरडी पडल्या, वाकून पार पापड झाली असंल. बसायची न्हाय ती." पाडव्यापर्यंत त्यांनी हे मला निदान दहादा सांगितलं असेल.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाळासाहेब आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेली फळी. काकींनी पाणी दिलं, नात दाखवली. भाऊ एकमेकांकडे न बघता "बरं हाय न्हवं?" म्हणाले. आत गॅसवर पाक चढलेला होता.

तात्यांनी टॉवेल सोडला, फळी घेतली आणि आपल्या फळीवर ठेवली. दोन्ही फळ्या टक् करून बसल्या. तात्यांनी कडेनं नख फिरवलं. नख अडलं नाही. चारी बाजूंनी फिरवलं, मग चष्मा लावून पुन्हा फिरवलं.

"बसली," ते म्हणाले. खरं सांगतो, माझ्या स्वतःच्या घरातल्या कुणाचं ऑपरेशन नीट पार पडावं तसं मला हायसं वाटलं.

तात्यांचा हात अजून फळीवरच होता. "ही वाकली कशी न्हाय रं?"

"दर फाल्गुनात चार दिस पाण्यात ठेवतोय की."

"गाठी करतोस व्हय तू?"

"एका फळीवर कुटं गाठी हुत्यात, दादा?"

"मग भिजवतोस कशाला?"

बाळासाहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तू कवा मागशील, काय नेम?"

तात्या चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले, चष्मा स्वच्छ झाला तरी पुसत राहिले. त्या गडबडीत पाकाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. काकींनी आतून हाक मारली तेव्हा तो चांगलाच पिवळा पडला होता.

"दुसरा पाक करायचा काय?" मी विचारलं. एरवी तात्यांनी असा पाक मोरीत ओतला असता.

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "बाळ्या, धर साचा. घट्ट धर."

बाळासाहेबांनी दोन्ही हातांनी साचा धरला आणि तात्या ओतायला लागले. त्यांचं लक्ष साच्यापेक्षा भावाच्या हातांवर जास्त होतं, निम्मा पाक ओट्यावर सांडला. काकी फडकं घेऊन उभ्या होत्या, पण त्यांनी तो लगेच पुसला नाही.