शुक्रवार क्लबचा दहावा फुलबॅक

विलास केळसकरांनी त्या सोमवारी फक्त एवढंच ठरवलं होतं, की खोटं बोलायचं नाही, नुसता एक उसासा टाकायचा. उसाशाने कुणाचं काय बिघडतं? (दुबईत निम्मं आयुष्य काढूनही त्यांना हे विचारावंसं वाटलं, यातच सगळं आलं.)

झालं होतं असं. विलासराव जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कार्गो कंपनीत अकाउंट्स बघायचे, आणि सुट्टीच्या दिवशी शुक्रवार हॉकी क्लबचे उजवे फुलबॅक असायचे. हा शुक्रवार क्लब खेळायचा शनिवारी. देशाची सुट्टी शनिवार-रविवारवर गेली तेव्हा खेळही सरकला, पण जर्सी नुकत्याच छापून आल्या होत्या, म्हणून नाव तेवढं मागे राहिलं. क्लबात बरीचशी कोकणातली मंडळी. सेक्रेटरी वली परकार, मूळचे राजापूरकडचे, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचे व्यापारी. क्लबचा वाढदिवस जवळ आला म्हणून त्यांनी हौसेने ग्रुपवर एक यादी टाकली: 'आपल्या क्लबच्या इतिहासातले सर्वश्रेष्ठ दहा डिफेंडर'.

पहिला भिवा मांडवकर. दहावे विलास केळसकर.

विलासरावांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. खालून वाचल्यावर ते पहिले येत होते, पण त्याने समाधान होईना.

भिवा चांगला माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण ऐन सामन्यात तो समोरच्या फॉरवर्डला आपल्या कलमांना यंदा मोहोर किती आलाय ते सांगत असे, हे विलासरावांनी शेजारी उभं राहून कानांनी ऐकलं होतं. पाचव्या नंबरवरचा गृहस्थ तर एकच सीझन खेळला, आणि त्यातला बराच वेळ मैदानात पडलेला चष्मा शोधत होता. विलासरावांनी ऑफिसच्या जिन्यात जाऊन वलीभाईंना फोन लावला.

"वलीभाई, ही यादी कुणी केली?"

"मीच की. का, नाव चुकलं का तुझं?"

"नाव बरोबर आहे, नंबर चुकलाय. भिवा पहिला?"

"पहाड होता रे भिवा."

"पहाडासारखा एका जागी उभा राहायचा, एवढं खरं."

"विलास, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"गेला कुठे? गुहागरला आहे. सकाळीच त्याने मला फुलाचा फोटो पाठवलाय."

"दुबईतून गेला ना. झालं तर मग."

विलासरावांनी मनातल्या मनात यादी पुन्हा चाळली. कुणी रिटायर होऊन गावी गेलेला, कुणी कतारला, कुणाची कंपनीच बंद झालेली. वरची सगळीच्या सगळी नावं देश सोडून गेलेल्यांची होती. इथला माणूस एकदा एअरपोर्टच्या दारातून आत गेला, की त्याचे सगळे फाउल माफ होतात आणि त्याने सोडलेले गोल गोलकीपरच्या नावावर जमा होतात.

"तुला तर आम्ही दर आठवड्याला बघतो," वलीभाई समजुतीने म्हणाले. "रोज दिसणाऱ्या माणसाला पहिला नंबर कसा देणार, हबीबी?"

तिथे विलासरावांना तो उसासा सुचला. त्यांनी तो चांगला लांब टाकला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, वलीभाई. आमचं तरी काय, आज आहोत, उद्या नाही."

 पलीकडून वलीभाईंचा आवाज आला, एकदम मऊ. "कधी?"

"काय कधी?"

"राहू दे. काही बोलू नकोस. सगळं ठीक होईल, इन्शाल्ला." आणि फोन बंद झाला.

इथे कुणी परत निघाला, तर 'का' म्हणून विचारायचं नाही, अशी रीत आहे. नोकरी गेली असेल, घरी कुणी आजारी असेल. उगाच विचारून माणसाला कानकोंडं कशाला करायचं? म्हणून आपली माणसं फक्त दोन गोष्टी विचारतात. एक म्हणजे कधी निघणार, आणि दुसरं म्हणजे फ्रिजचं काय करणार.

संध्याकाळी ग्रुपवर 'सुधारित यादी' आली. विलास केळसकर सहावे.

विलासराव अगदीच अप्रामाणिक नव्हते. त्यांनी लगेच मोबाईल घेऊन 'माझ्याबद्दल गैरसमज झाला आहे' असं टाइपसुद्धा केलं. मग त्यांनी पाचव्या नंबरवर कोण आहे ते पाहिलं. चष्मेवाला. विलासरावांनी मेसेज पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी उझैरचा फोन आला. उझैर हा क्लबचा सेंटर फॉरवर्ड, नवीनच लग्न झालेला, महाडहून बायकोला आणायच्या तयारीत.

"विलासभाई, बोलायला बरं वाटत नाही. पण तुमचा टॅकल म्हणजे... असा टॅकल मी दुसरा पाहिला नाही."

"खरं म्हणतोस?"

"कसम से. आता कोण शिकवणार आम्हाला? आणि विलासभाई, तो तुमचा डबल डोअर फ्रिज..."

"घेऊन जा," विलासराव म्हणाले. टॅकलबद्दल इतकं चांगलं त्यांच्याविषयी आजवर कुणी बोललं नव्हतं, त्या भरात ते वॉशिंग मशीनही देऊन बसले. संध्याकाळी ते तिसरे झाले होते.

आता ही गोष्ट सुनेत्राबाईंना, म्हणजे सौ. केळसकरांना, सांगायला हवी होती. पण सांगायचं तरी काय? 'अगं, मी तिसरा आलोय, फक्त आपण इथून जाणार आहोत असं लोकांना वाटतंय'? विलासरावांनी ठरवलं, क्लबने शनिवारी आपला निरोप समारंभ ठेवलाय, यादीतल्या पहिल्याला तिथे शील्ड मिळणार आहे, तोवर आपण पहिले होऊच, ती हातात पडली की सगळ्यांना एकदमच खरं सांगून टाकू. (शील्ड आधी आणि खरं नंतर, हा क्रम त्यांनी फार विचार करून लावला होता.)

गुरुवारी वलीभाईंच्या पत्नी ताजबी बिर्याणीचं पातेलं घेऊन डिस्कव्हरी गार्डन्सच्या त्यांच्या फ्लॅटवर आल्या. आल्या आल्या त्यांनी सुनेत्राबाईंना मिठीच मारली.

"भाभी, धीर धरा."

"बसा ना. काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"आमचं काय विचारता? तुमच्या हिमतीची मात्र कमाल आहे. असंच हसत राहावं माणसाने. तिकडे तुमची माणसं आहेतच."

"हो, आहेत की. मे महिन्यात जातोच आम्ही."

ताजबींचा चेहरा उजळला. "मेपर्यंत आहात? मग काही घाई नाही. सोफ्याचं मी आत्ता बोलतच नाही." जाताना त्यांनी सोफ्यावरून हात फिरवला, दाबूनही पाहिला.

"अहो," रात्रीच्या जेवणाला सुनेत्राबाई म्हणाल्या, "ताजबीभाभी आपल्या सोफ्याकडे अशा का बघत होत्या?"

"रंग आवडला असेल," विलासराव म्हणाले आणि बिर्याणीत तोंड घातलं.

त्यांची मुलगी रंजिता मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाली, "बाबा, व्हाय इज एव्हरीवन बीइंग सो नाइस टू यू? इट्स वीअर्ड."

शनिवारी सकाळी विलासराव केस काळे करायला सलूनमध्ये गेले. शील्ड घेतानाचा फोटो क्लबच्या इतिहासात राहणार होता, आणि इतिहासात जाताना कानाजवळचे केस पांढरे नकोत. तिकडे उझैरला उसना पिकअप फक्त सकाळीच मिळत होता. तो दोन फॉरवर्डांना आणि एक हातगाडी घेऊन दारात हजर झाला. सामान नीट जातंय ना हे बघायला बरोबर वलीभाई होते.

दार सुनेत्राबाईंनी उघडलं. त्या लादी पुसत होत्या, हातात वायपर होता.

"भाभी, फ्रिज न्यायला आलोय."

"कुठे?"

"माझ्या घरी. विलासभाईंनी दिलाय ना. वॉशिंग मशीन दुसऱ्या फेरीला नेतो."

फ्रिजमध्ये त्या वेळी मसाला लावलेली सुरमई होती, आमसुलं भिजत घातलेली होती, आणि इडलीच्या पिठाचं आपलं काम चालू होतं.  सुनेत्राबाई मागे सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि वायपर त्यांनी जमिनीलगत आडवा धरला.

"भाभी, पाच मिनिटांचं काम आहे," म्हणत उझैर डावीकडून निघाला. सुनेत्राबाई डावीकडे आल्या. दुसरा उजवीकडून डायनिंग टेबलाला वळसा घालून शिरू लागला, तर त्यांनी पायाने खुर्ची सरकवून ती वाट बंद केली. तेवढ्यात तिसऱ्याने मधल्या फटीतून हातगाडी पुढे ढकलली. सुनेत्राबाईंनी वायपर खाली घातला, गाडीचं चाक त्यात अडकवलं, आणि एका हिसक्याने गाडी उलटी फिरवून थेट बाहेरच्या लिफ्टपर्यंत पाठवून दिली.

वलीभाई पॅसेजमध्ये उभे होते. गाडी त्यांच्या पायाजवळून गेली तेव्हा त्यांच्या तोंडून नकळत "माशाल्ला" निघून गेलं.

नेमके त्याच वेळी विलासराव डोकं काळंभोर करून लिफ्टमधून बाहेर आले.

"अहो, आपण कुठे चाललोय?" सुनेत्राबाईंनी वायपर खाली न ठेवता विचारलं. "यांना ठाऊक आहे, ताजबीभाभींना ठाऊक आहे. मला एकटीलाच कसं ठाऊक नाही?"

मग विलासरावांना सगळं सांगावंच लागलं. यादी, भिवा, उसासा, चष्मेवाला, सगळं. सांगताना त्यांच्या मानेवरून काळा ओघळ कॉलरीत उतरत होता. उझैर जमिनीकडे बघत होता. वलीभाईंची मान हळूहळू ताठ होत गेली.

"म्हणजे तू कुठेच जात नाहीस?" ते म्हणाले. "ताजबी दोन दिवस रडतेय रे तुमच्यासाठी."

"मी खोटं बोललो नाही, वलीभाई," विलासराव हट्टाने म्हणाले. "मी नुसता उसासा टाकला. आणि टाकला तर टाकला. मी दहावा नाही, हे मी आजही सांगतो."

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा," सुनेत्राबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर नेहमीसारखाच सौम्य होता, म्हणून सगळेच थोडे घाबरले. "यांच्याशी माझं जे बोलायचं ते मी नंतर बोलणार आहे. पण वलीभाई, आधी तुम्हाला एक विचारते. जो गेला तो थोर, आणि जो इथे आहे तो दहावा, हा कुठला हिशोब? दर शनिवारी गुडघ्याला पट्टी मी बांधून देते यांच्या. पंचेचाळीस डिग्रीतसुद्धा जातात. गोल खातात, मला माहीत आहे. रंजूने मला व्हिडिओ दाखवलेत. पण जातात. आपण सगळे एक ना एक दिवस जाणारच आहोत इथून. तेव्हा रडायचं ते रडा. पण माणूस समोर उभा आहे तोवर त्याला चांगलं म्हणायला काय हरकत आहे? आम्ही कुठेही जात नाही. फ्रिजही जात नाही."

 उझैरने मुकाट्याने हातगाडी लिफ्टमध्ये घातली. सुनेत्राबाईंनी त्याला थांबवून सुरमईचे चार तुकडे तळून डब्यात दिले, कारण घरी त्याच्याकडे फ्रिज नव्हता आणि तो बिचारा रोज बाहेरचं खात होता. वलीभाईंनी सोफ्याच्या कडेवर बसून एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं म्हणणं पटलं. यादी मी आजच्या आज बदलतो. खलास."

निरोप समारंभ रद्द झाला, पण केक आधीच आणलेला असल्यामुळे तो क्लबच्या आपसातल्या सामन्यानंतर कापायचं ठरलं. विलासराव त्या संध्याकाळी मान वर करून मैदानात उतरले. 'गुड लक विलास' लिहिलेल्या केकच्या साक्षीने त्यांनी तीन गोल सोडले, पण एकदाही मान खाली घातली नाही. चुकून एक टॅकल तर इतका सुरेख जमला, की उझैर खरोखरच पडला.

घरी येऊन त्यांनी पाय गरम पाण्यात सोडले आणि मोबाईल उघडला. नवी यादी आली होती. वरच्या ओळीत लिहिलं होतं: 'पहिला क्रमांक: सौ. सुनेत्रा केळसकर. एक सामना, तीन फॉरवर्ड, एकही फ्रिज गेला नाही.' त्याखाली दुसरा भिवा. मग बाकीचे सगळे एकेक पायरी खाली सरकलेले. विलासराव शांतपणे खाली खाली गेले. दहाव्या जागी भिवंडीला परतलेला एक डावा फुलबॅक होता, आणि तिथे यादी संपत होती.

त्यांनी ताबडतोब फोन लावला.

"वलीभाई, इथे असणाऱ्यांना मान द्यायचा असं ठरलं होतं ना?"

"दिला की. वहिनींना दिला."

"आणि मी?"

"हबीबी, यादी दहाचीच आहे. कुणीतरी एक बाहेर पडणार. जे गेलेत त्यांना आता कुठे फोन करून सांगत बसू? तू आपला हाताशी आहेस," वलीभाई म्हणाले. "आणि हो, पुढच्या शनिवारी वहिनींना मोकळा वेळ आहे का, ते जरा विचार."