हरणीचं प्रगतिपत्रक

"सर, तुमी आंघोळ कधी करता?"

माणूस झोपेमुळे यशस्वी होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. (झोपलेल्यांपैकी कुणीही हरकत नोंदवलेली नाही.) हे सत्य वेल्हे तालुक्याच्या डोंगरापर्यंत पोचवण्यासाठी 'अखंड यश केंद्रा'चे संस्थापक अमृत सर शाळेत आले होते आणि पडद्यावर आपला दिनक्रम दाखवत होते. पहाटे साडेतीनला उठणं, मग ध्यान, धावणं, वाचन, आत्मपरीक्षण, परत धावणं. दहावीतल्या प्रांजल ढेबेने वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. दिवस सव्वीस तासांचा भरला आणि त्यात आंघोळ कुठंच नव्हती.

"इचार की," शेजारची सोनिया कुजबुजली. "लई शानी हाईस ना? इचारून दाखव, न्हाईतर म्हैनाभर माझं दप्तर तू उचलायचं."

मागच्या दोन बाकांनी या प्रस्तावाला एकमताने मंजुरी दिली. दोन महिन्यांपूर्वीची प्रांजल असती तर बाकाखाली शिरली असती. पण मध्यंतरी वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला होता (स्पर्धक तीन), आणि तेव्हापासून तिचा आवाज तिच्याही ताब्यात राहिला नव्हता. ती उठली आणि तिने विचारलं.



अमृत सर पूर्वी सारोळ्याला पुलाजवळ उसाचा रस काढायचे. एकच कांडं चार वेळा चरकातून काढलं तरी शेवटी थेंबभर निघतंच, हे निरीक्षण त्यांना पुढच्या आयुष्यात फार उपयोगी पडलं. ते रागावले नाहीत. "हिच्यात आग आहे!" असं म्हणून त्यांनी प्रांजलला जागच्या जागी 'यशदूत' नेमलं आणि तिच्या हातात एक छापील गठ्ठा ठेवला: 'कुटुंब प्रगतिपत्रक'. घरातल्या प्रत्येक कमावत्या सदस्याने दिवसभर काय केलं ते विहित नमुन्यात भरून दर आठवड्याला केंद्राला मोबाईलवरून पाठवायचं. केंद्र सखोल अभ्यास करून शेरा देणार. (आंघोळीबाबत आजतागायत माहिती उपलब्ध नाही.)

ढेब्यांचं घर मार्गासनीच्या वर, डोंगराच्या कडेला, सात उंबऱ्यांच्या वाडीत. प्रांजलचे वडील रखमाजी सरळ माणूस. पत्रकात 'घरातील मुख्य कमावता सदस्य' असा रकाना होता. त्यांनी खरं होतं ते लिहिलं.

"हरणी?" प्रांजल ओरडली. "आण्णा, हरणी म्हैस हाय!"

"मग? घर कुणाच्या जिवावर चाललंय, माझ्या?"

"माझ्याबी जिवावर चालतंय म्हणा थोडं," चुलीपुढून आई म्हणाली.

"तुझं नाव दोन नंबरला घातलंय की, मंगल."

या वाडीत सरकारी कागद असो की खासगी, खोटं लिहायची पद्धत नाही. वय आठ. शिक्षण निरंक. व्यसन निरंक. दिनक्रम: चरणे पाच तास, पाण्यात डुंबणे दोन तास, बसून तोंड हलवणे आठ तास. 'सदस्याचे सर्वांत मोठे स्वप्न' या रकान्यापाशी आण्णा बराच वेळ थांबले, गोठ्यात जाऊन हरणीकडे बघून आले आणि त्यांनी 'सरकी पेंड' असं लिहिलं.

पाचव्या दिवशी शेरा आला. 'श्रीमती हरणी या कुटुंबाच्या प्रगतीतील प्रमुख अडथळा आहेत. आठ-आठ तास बसून राहणे व तोंड चालू ठेवणे ही वृत्ती इतरांचाही उत्साह मारते. पाण्यात घालवलेला वेळ चिंताजनक. बसणे तत्काळ बंद करावे. गुण: शंभरपैकी एकोणीस.' आण्णांना एकसष्ट मिळाले होते. आईला चौऱ्याहत्तर, कारण ती भाकरी थापताना गोठ्याकडेही बघत असे.

आण्णांना फार लागलं. ढेब्यांच्या सात पिढ्यांत कुणी नापास झालं नव्हतं. (परीक्षेला बसलेली पहिली पिढी प्रांजलची.)

प्रांजलने त्याच वेळी केंद्राला दोन शब्द कळवले असते तर प्रश्न मिटला असता. पण केंद्राच्या ग्रुपवर तिचा फोटो लागला होता आणि खाली लिहिलं होतं 'राजगड परिसराची वाघीण'. त्याच्या खाली 'सर, ती म्हैस आहे' असं कोण लिहील?  अंमलबजावणी सुरू झाली.

पहाटे साडेतीनला हरणीला उठवणे. (याचा ताण कोंबड्याला सहन झाला नाही. त्याने आरवणं सोडलं.) मग तासभर जलद चालणे. दुपारचं डुंबणे रद्द. संध्याकाळी गोठ्यात अमृत सरांचं भाषण, मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवून. आणि दिवसभरात हरणी गुडघे टेकायला लागली की तिला हाळी घालून उठवणे. ही जबाबदारी यशदूताची, शाळेची वेळ वगळून. तेवढ्या वेळात आण्णा उठवत.

निकाल डोळे दिपवणारे होते. चार आठवड्यांत हरणीचे गुण एकोणीसवरून ब्याऐंशीवर गेले. याच काळात तिचं दूध दिवसाला सहा लिटरवरून दीडवर आलं. पण पत्रकात दुधाचा रकाना नसल्यामुळे ही घट अधिकृतपणे घडलेली नाही.

शेजारचे गेनबा आजोबा, ज्यांची सत्तर वर्षं जनावरांमागं गेली, कुंपणाशी येऊन उभे राहिले. हरणीच्या बरगड्या त्यांनी लांबूनच मोजल्या.

"प्रांजे, जनावर चारा नुसता आत टाकून येतंय. बसून रवंथ केल्याबिगर त्याचं दूध हुतंय व्हय? आणखी आठ दिस अशी उभी ठिव. पार आटंल. मग धाडा तिला गावोगाव भाषणं द्यायला."

त्याच दुपारी टपालाने केंद्राचं प्रशस्तिपत्र आलं. 'तालुक्यातील सर्वाधिक कष्टाळू महिला: सौ. हरणी रखमाजी ढेबे. भोर येथील सत्कारास पतीसह उपस्थित राहावे.'

आईने ते दोनदा वाचलं.

"सौ.?"

"अगं, केंद्रानं लिवलंय..."

"मग भाकरीबी केंद्राकडनंच घ्या. जावा जोडीनं भोरला. फक्त तिला नेसवायला माझी साडी मागायची न्हाई, सांगून ठिवते!"

आण्णा प्रशस्तिपत्र आणि खिळा घेऊन भिंतीवर जागा शोधत राहिले. हरणीचं नाव मागं घ्यावं तर प्रशस्तिपत्राच्या मागच्या बाजूला नियम छापलेला होता: 'सदस्य कमी करावयाचा झाल्यास पर्यायी सदस्य देणे बंधनकारक. पात्रतेच्या अटी यशदूताने ठरवाव्यात.'

प्रांजल गोठ्यात गेली. हरणीने पुढचे गुडघे नुकतेच टेकले होते. दारात प्रांजल दिसली तशी ती धडपडली आणि आपण होऊन उठून उभी राहिली. कुणी हाळी घातली नव्हती. अमृत सर ज्याला 'स्वयंप्रेरणा' म्हणतात, ती हीच.

  प्रांजल शेणामातीच्या जमिनीवर, शाळेच्या गणवेशात, तशीच फतकल मारून बसली. हरणी उभीच. प्रांजलही हलली नाही. खूप वेळानं हरणीने आधी एक गुडघा टेकला, तिच्याकडे बघितलं, मग दुसरा. मग सगळं अंग खाली सोडलं, आणि मग तिचा जबडा सावकाश हलायला लागला.

तिथंच बसून प्रांजलने पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'पर्यायी सदस्य पाहिजे. अटी: एक, घटकाभर नुसतं बसलं तरी चोरी केल्यासारखं वाटणारा. दोन, ताटावरही एका हाताने मोबाईल सरकवणारा. तीन, काहीही वाचायला घेतलं की किती उरलंय ते आधी बघणारा. म्हैस असण्याची अट शिथिल करण्यात येत आहे.'

मग ती घरात आली. अंगाला शेण, आवाज स्पर्धेतला.

"आण्णा, आई, ऐका. हरणी म्हैस हाय, असं म्या आत्ताच मोबाईलवरनं केंद्राला कळवलंय. तिचं नाव काढलं. माझं यशदूतपणबी सोडलं. आजपास्नं ती बसणार, आन शाळंतनं आल्यावर म्या तिच्यापाशी बसणार. कुणी उठवायचं न्हाई."

आण्णांनी हातातला खिळा खाली ठेवला. आईने पहिल्यांदाच पीठ मळायचं थांबवलं.

"आन तिच्या जागी कुणाचं नाव द्यायचं, पोरी?" आण्णांनी काळजीने विचारलं.

"जागा मोकळी ठिवलीय. ह्यो कागद उद्या मार्गासनीच्या एसटी थांब्यावर चिकटवणार. म्या कुणाचं नाव घालत न्हाई, आण्णा. अटी वाचता वाचता जो मनात म्हनला असंल, 'हे तर माझ्या शेजाऱ्याचं वर्णन हाय,' त्यानं आपलं आपण घालावं."