उंबराचं पाणी

लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत उंबराचं पाणी आणायचं आणि त्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, ही गोराईतल्या ख्रिस्ती घरांची रीत. बाकीचे गावच्या विहिरीवर जात. पण अँथनीच्या बायकोनं, ल्युसीनं, मरताना त्याच्याकडून वचन घेतलं होतं, "आपल्या जोसेफीनचं पाणी धबधब्यावरून आण. माझ्या बापानं माझं तिथनंच आणलं होतं." धबधबा समुद्राच्या कडेकडेनं पार दोन कोस, खडकांच्या आड. तिकडे कुत्रंही फिरकत नसे.

त्यामुळे बावन्न सालच्या जानेवारीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, अँथनी नवा सूट घालून, खांद्यावर कळशी घेऊन निघाला. मागे मार्कसचा बँड.

मार्कसला लग्नं क्वचित मिळत. त्याच्या माणसांचा हात बसला होता मयतीवर. खडकांत ठेचकाळत पाय मंदावले की सूरही आपोआप तिकडेच वळत. जाळी सुकवणारे कोळी उठून उभे राहिले. एका म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण करून विचारलं, "कोण गेला रे?"

"कोण नाय गेला. पोरीचं लगीन हाय."

म्हातारीनं अँथनीचा चेहरा पाहिला. तिला काही ते पटलं नाही.

भरतीनं वाट बुडवली, तेव्हा करवंदीच्या जाळीतून वर चढावं लागलं. सुटाची बाही फाटली, ढोल गडगडत समुद्रात गेला. धबधब्याची जेमतेम एक धार उरली होती. कळशी भरेपर्यंत अँथनीला ल्युसी इतकी आठवली, की तो खडकाआड जाऊन पोटभर रडला.

परतताना खांदा अवघडला म्हणून त्यानं कळशी मार्कसकडे दिली. घराच्या कोपऱ्यावर परत घेतली, तर रिकामी.

"घोट घोट घेतला रे सगल्यांनी," मार्कस म्हणाला. "ऊन केवढं होतं. वाट लागली ना आमची."

अँथनीनं चोरासारखी परसातल्या विहिरीवर कळशी भरली. बायकांनी गाणी म्हणत नवरीला न्हाऊ घातलं.

ओल्या केसांनी जोसेफीन बापापाशी आली. "पापा, पाणी मचूळ लागलं. आपल्या विहिरीचं ना?"

"बँडवाल्यांनी प्यायलं गं. तुझ्या आईला आता काय तोंड दाखवू?"

"तिच्या वेळी पण बँडवाल्यांनीच प्यायलं होतं. आजोबांनी गुपचूप विहिरीचं भरलं. तिनंच मला सांगितलं."

"मग मला कशाला पिटाळलं तिनं एवढ्या लांब?"

जोसेफीन त्याच्या फाटक्या बाहीतले काटे काढू लागली. "म्हणाली, त्या दिवशी बापाला घरात ठेवू नको. पाहुण्यांसमोर रडत बसेल."

तेवढ्यात अंगणात मार्कसनं लग्नाचं म्हणून काहीतरी वाजवायला घेतलं. ते ऐकून पाहुण्यांनी टोप्या काढल्या, आणि अँथनी का रडतोय हे कुणी विचारलंच नाही.